अब्बू खाँची बकरी आणि झाकीरसाहेबांचे घर

उर्दू वाचणाऱ्या घरांतून अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. अल्मोड्याच्या डोंगरात अब्बू खाँ नावाचा एक एकटा म्हातारा राहतो. त्याला बकऱ्या पाळण्याचा भारी नाद. पण पहाडी जातीच्या त्या बकऱ्या एकेक करून दावे तोडतात, डोंगरात पळून जातात आणि लांडग्याच्या तोंडी पडतात. शेवटी तो एक लहान, पांढरीशुभ्र बकरी आणतो. तिचे नाव चांदनी. अब्बू खाँ तिला लेकीसारखा जीव लावतो. पण चांदनीलाही एक दिवस डोंगर दिसतो. ती निसटते, दिवसभर मोकळ्या रानात हुंदडते, आणि रात्री लांडग्यासमोर उभी राहते. आपण जिंकणार नाही, हे तिला ठाऊक असते. तरी ती रात्रभर आपल्या इवल्या शिंगांनी लढते. पहाटे खालच्या मशिदीतून अजानचा आवाज येतो आणि चांदनी जमिनीवर कोसळते. झाडावरच्या पाखरांत वाद होतो, जिंकले कोण? बहुतेकांच्या मते लांडगा. एक म्हातारे पाखरू मात्र म्हणते की चांदनी जिंकली.

गोष्टीचे मूळ फ्रेंच लेखक आल्फाँस दोदे यांच्या एका कथेत आहे. पण उर्दूत ती इतकी रुळली की हे परके रोप आहे, असे कुणाला वाटतही नाही. जामिया मिलिया इस्लामियाच्या 'पयामे तालीम' या मुलांच्या मासिकातून अशा गोष्टी येऊ लागल्या तेव्हा त्यांच्याखाली लेखिकेचे नाव असे : रुकय्या रेहाना.

अशी कुणी लेखिका नव्हती. त्या गोष्टी लिहीत होते जामियाचे कुलगुरू डॉ. झाकीर हुसेन, आणि रुकय्या रेहाना हे त्यांच्या मुलीचे नाव होते. ती मुलगी लहानपणीच अल्लाहला प्यारी झाली.

झाकीर हुसेन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भारताचे तिसरे राष्ट्रपती येतात. शेरवानी, टोपी, नीट राखलेली दाढी. आपल्या शाळांतून, वाचनालयांतून ती तसबीर आपण वर्षानुवर्षे पाहिली. जयंतीला हार घातला, पुण्यतिथीला भाषण केले. त्या तसबिरीमागचा घरचा माणूस, मुलांचा बाप, भावांचा भाऊ, एका बाईचा नवरा, आपण फारसा पाहिला नाही. या लेखात त्याची ओळख करून घ्यायची आहे. कारण माझी अशी समजूत आहे की झाकीरसाहेबांचे शिक्षणकार्य त्यांच्या घरापासून वेगळे काढून समजतच नाही.

पोरके घर

कुटुंब मूळचे कायमगंजचे, उत्तर प्रदेशातल्या फरुखाबाद जिल्ह्यातले. आफ्रिदी पठाणांचे घराणे. तलवार बाळगणाऱ्या या वस्तीत झाकीरसाहेबांचे वडील फिदा हुसेन खाँ यांनी कायद्याची पुस्तके हाती घेतली आणि ते हैदराबादला जाऊन वकिली करू लागले. तेथेच ८ फेब्रुवारी १८९७ रोजी झाकीर हुसेन यांचा जन्म झाला. एकूण सात भाऊ, हे तिसरे.

१९०७ मध्ये वडील गेले. मुलांना घेऊन आई कायमगंजला परतली. झाकीर त्या वेळी दहा वर्षांचे. त्यांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये वसतिगृहात ठेवण्यात आले. १९११ मध्ये प्लेगची साथ आली आणि तिने आईलाही नेले. चौदाव्या वर्षी हा मुलगा पुरता पोरका झाला. भावांपैकीही काही जण तरुणपणीच गेले.

आईबापाविना वाढलेल्या मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी घडतात. कुणी जगावर कायमचा रुसून बसतो. कुणी आपल्याला जे मिळाले नाही ते इतरांना देत सुटतो. झाकीरसाहेब दुसऱ्या वाटेचे. इटाव्यात त्यांना हेडमास्तर अल्ताफ हुसेन यांच्यासारखा शिक्षक मिळाला. कायमगंजकडे हसन शाह नावाचे एक सूफी वृत्तीचे गृहस्थ होते. ग्रंथांवर त्यांचा जीव, आवडलेले ग्रंथ ते हाताने उतरवून काढीत. या मंडळींनी त्या पोरक्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. शाळा म्हणजे नुसती इमारत नसते, ज्याचे घर मोडले आहे त्याला ती घर देऊ शकते, हे झाकीरसाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढे ते अलिगढच्या कॉलेजात गेले. १९१५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचे लग्न शाहजहाँ बेगम यांच्याशी झाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. झाकीरसाहेबांवरच्या भाषणांत ते सहसा येत नाही.

एक तार आणि वीस वर्षांचा करार

१९२० च्या ऑक्टोबरात गांधीजी आणि अली बंधू अलिगढला आले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडा, असे आवाहन त्यांनी केले. झाकीरसाहेब त्या वेळी एम.ए. शिकत होते आणि थोडेफार शिकवतही होते. नोकरी, बढती, सरकारी मान, सगळे समोर दिसत होते. ते त्यांनी सोडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढ कॉलेजच्या मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिलियाची स्थापना झाली. हकीम अजमल खाँ तिचे पहिले कुलपती आणि मौलाना मुहम्मद अली पहिले कुलगुरू. ज्या तरुणांनी या संस्थेसाठी सर्वांत आधी घरदार मागे ठेवले त्यांत झाकीरसाहेब होते.

दोन वर्षांनी ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तेथल्या एका छापखान्यात त्यांनी गालिबचा दिवान छापून घेतला आणि त्यासाठी स्वतः खिळे जुळवले, हे अनेकांना माहीत आहे. मात्र ही तीन-साडेतीन वर्षे पत्नी कायमगंजला होती, हे क्वचितच कुणी नोंदवते. परदेशी शिकायला गेलेल्या, बंदरात जहाजावर राबणाऱ्या, आखातात नोकरीला गेलेल्या माणसांच्या बायका आपल्या कोकणात घरोघर आहेत. त्यांना या तीन वर्षांचे वजन समजावून सांगावे लागणार नाही.

इकडे खिलाफत चळवळ ओसरली होती. पैसा आटला. जामिया बंद करावी, असा विचार पुढारी करू लागले. ही बातमी बर्लिनला पोचली. तेथे तीन मित्र होते, झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब. त्यांनी तार पाठवली की आम्ही आयुष्य द्यायला तयार आहोत, संस्था बंद करू नका. हकीम अजमल खाँ यांनी पुढाकार घेऊन १९२५ मध्ये जामिया दिल्लीच्या करोलबागेत आणली. १९२६ मध्ये तिघे मित्र परतले आणि एकोणतीस वर्षांचे झाकीर हुसेन जामियाचे कुलगुरू झाले.

कुलगुरू म्हटले की आज आपल्यापुढे बंगला आणि मोटार येते. हे कुलगुरुपद तसे नव्हते. भाड्याच्या घरांत वर्ग, उधारीवर धान्य. १९२७ च्या डिसेंबरअखेर हकीमसाहेब वारले आणि उरलासुरला आधारही गेला. तेव्हा, १९२८ मध्ये, जामियाच्या शिक्षकांनी एक प्रतिज्ञा केली : पुढली वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक पगार मागणार नाही. दीडशे ही कमाल मर्यादा होती. प्रत्यक्षात हातात पडे ते त्याहून पुष्कळ कमी, आणि तेही महिनोन्‌महिने थकलेले. मुजीबसाहेब लखनौच्या एका श्रीमंत वकिलाचे चिरंजीव, ऑक्सफर्डला शिकलेले. त्यांनीही हेच स्वीकारले.

या प्रतिज्ञेचा गौरव आपण अनेकदा ऐकला आहे आणि तो योग्यच आहे. पण एक प्रश्न विचारायला हवा. प्रतिज्ञेवर सह्या पुरुषांच्या होत्या. दीडशेतले चाळीस-पन्नासच घरी आले तर चूल पेटवायची कुणी? अवेळी आलेल्या पाहुण्यांपुढे ताट कुणी ठेवायचे? ईदला मुलींना नवे कपडे नसतील तर त्यांची समजूत कुणी काढायची? या सगळ्याची जबाबदारी ज्यांच्यावर पडली त्या बायकांची सही कुणी घेतली नव्हती. शाहजहाँ बेगम आणि त्यांच्यासारख्या जामियाच्या इतर घरधनिणींनी तो करार न वाचताच वीस वर्षे पाळला. जामियाचा इतिहास लिहिताना हकीमसाहेबांच्या देणगीशेजारी हीदेखील एक देणगी म्हणून मांडली पाहिजे.

मिठाईचा दिवस

आता रेहानाची हकीकत. मुजीबसाहेबांनी झाकीरसाहेबांचे चरित्र लिहिले आहे, त्यात ती आली आहे.

जामियाच्या प्राथमिक शाळेत समारंभ होता. मुले रांगेने येत होती आणि झाकीरसाहेब त्यांना आपल्या हाताने मिठाई वाटत होते. एवढ्यात कुणी येऊन त्यांच्या कानात सांगितले की रेहाना फार आजारी आहे. ते वाटतच राहिले. थोड्या वेळाने पुन्हा निरोप आला, रेहाना गेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलापर्यंत मिठाई पोचली, आणि मगच बाकीच्यांना काय झाले ते कळले. लोकांनी विचारले, आपण सांगितले का नाही, उठला का नाहीत? त्यांचे म्हणणे एवढेच होते की मुले इतकी आनंदात होती, त्यांचा आनंद मोडावासा वाटला नाही.

ही आठवण एवढ्यावर संपवली तर ती एका कर्तव्यकठोर पुरुषाची कथा होते. व्यासपीठावरून ती तशीच सांगितली जाते. पण तिचा दुसरा भाग बेगमसाहेबांकडून कळलेला आहे. त्यानंतर कित्येक दिवस सकाळी झाकीरसाहेबांची उशी ओली असे.

हे दोन्ही भाग एकत्र वाचायला हवेत. पहिला भाग लोकांनी पाहिला, दुसरा फक्त पत्नीने. ज्या बाईचे स्वतःचे मूल गेले होते, तिने नवऱ्याचे अश्रूही सांभाळले. तिच्या उशीबद्दल कुणी विचारल्याची नोंद नाही.

मला स्वतःला ही घटना वाचताना दर वेळी अस्वस्थ व्हायला होते. पहिला निरोप आला तेव्हाच ते उठून घरी गेले असते तर? मुलीचा हात हातात घेता आला असता. बाप म्हणून ते चुकले का? याचे उत्तर मी देणार नाही, ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ते ठाऊक. एवढे मात्र दिसते की समोरची मुले त्यांना परकी वाटत नव्हती. पोरक्या झालेल्या त्या माणसाने शाळेलाच घर केले होते. त्यामुळे एका घरातून उठून दुसऱ्या घरी जाणे त्या क्षणी त्यांना जमले नाही, आणि त्याची किंमत त्यांनी रात्री एकांतात मोजली.

आणि मग त्या गोष्टी. पोरासोरांसाठी लिहिलेल्या, सोप्या, खेळकर. प्रत्येकीखाली तेच नाव. गेलेल्या लेकराचे नाव कुणी मशिदीच्या पायरीवर कोरतात, कुणी पाणपोईवर. झाकीरसाहेबांच्या लेकीचे नाव हजारो मुलांच्या हातात गेले.

मुलांची शाळा

जामियाची प्राथमिक शाळा हा झाकीरसाहेबांचा खरा जिव्हाळा होता. कुलगुरूने पहिली-दुसरीच्या वर्गात बसावे, हे तेव्हाही विचित्र वाटे आणि आजही वाटेल. पण त्यांच्या मते विद्यापीठाचा पाया तेथेच भरायचा होता. अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारखे शिक्षक तेथे मुलांकडून कामातून शिक्षण करून घेत. मुलांची स्वतःची बँक होती, स्वतःचे दुकान होते. हिशेब शिकायचा तो त्या बँकेत, फळ्यावर नव्हे. बर्लिनच्या दिवसांत ओळख झालेल्या गेर्डा फिलिप्सबॉर्न या जर्मन ज्यू बाई हिटलरच्या उदयाच्या काळात जामियात आल्या आणि या मुलांची 'आपाजान' होऊन राहिल्या. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियातच आहे.

एक आठवण नेहमी सांगितली जाते. मुले बूट साफ करून येत नाहीत म्हणून झाकीरसाहेब एका सकाळी ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट पुसू लागले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे बूट चकचकीत. परिपत्रक काढून हे झाले नसते. घरात आई जशी ओरडता ओरडता स्वतःच मुलाचे नाक पुसते, तसे हे.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवायची होती. मंत्री, नवाब, संस्थानिक, कुणालाही बोलावता आले असते. कोनशिला बसवली ती शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने.

वर्ध्याचा प्रसंग

झाकीरसाहेबांचा आपल्या महाराष्ट्राशी सर्वांत मोठा संबंध आला तो वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधाराने, आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा अशी गांधीजींची कल्पना होती.

झाकीरसाहेब बोलायला उठले तेव्हा त्यांनी होला हो मिळवली नाही. हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना जगाला अगदीच नवी नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याहून महत्त्वाचा इशारा दिला तो स्वावलंबनाबद्दल : शाळेचा खर्च मुलांच्या श्रमातून काढायचे ठरवले तर मास्तर मुकादम बनेल आणि मुले राबवली जातील. गांधीजींसमोर, त्यांच्याच आश्रमाच्या परिसरात हे बोलायला धैर्य लागते. आणि ज्याने विरोध केला त्यालाच समितीचे अध्यक्ष नेमायलाही तेवढाच मोठेपणा लागतो. समितीत विनोबा भावे होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलामुस्सय्यदैन होते. डिसेंबरच्या आरंभी अहवाल तयार झाला. हीच नई तालीम.

मुलांच्या श्रमाबद्दलचा तो इशारा अर्थशास्त्राच्या डॉक्टरचा होता हे खरे. मला मात्र त्यात बापाचा आवाज ऐकू येतो. योजनेचा हिशेब करताना त्यांच्या डोळ्यांपुढे आकडे नव्हते, मूल होते. पुढे वीस-एकवीस वर्षांनी, आपल्याच नावाशी जोडलेली ही योजना शाळाशाळांतून केवळ नावापुरती उरली आहे असे दिसले, तेव्हा त्यांनी तेही जाहीरपणे आणि कडक शब्दांत सांगितले.

या योजनेवर मुस्लिम समाजातून पुष्कळ टीका झाली. मुस्लिम लीगने तिला हिंदू योजना ठरवले. झाकीरसाहेबांना स्वकीयांचे बोल खावे लागले. मातृभाषेतून शिक्षण या तिच्या मुख्य कलमाकडे मात्र आपले लक्ष कमीच गेले. आपली मुले कोणत्या भाषेत शिकावीत, मराठीत, उर्दूत की इंग्रजीत, हा वाद आपल्या मोहल्ल्यांतून अजून मिटलेला नाही. तो मिटवताना मूल घरात कोणत्या भाषेत रडते आणि हसते, हा साधा प्रश्न आधी विचारायला हवा, असे तो वर्ध्याचा अहवाल वाचताना वाटते.

फाळणी : घराची आणि देशाची

नोव्हेंबर १९४६. जामियाचा रौप्यमहोत्सव. देशभर दंग्यांचा आगडोंब. काँग्रेस आणि लीग यांचे पुढारी एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते. पण त्या दिवशी एकाच व्यासपीठावर नेहरू आणि मौलाना आझाद, जिना आणि लियाकत अली बसले. झाकीरसाहेबांनी त्या सर्वांना उद्देशून भाषण केले. आग कुणी लावली याचा वाद नंतर घाला, आधी ती विझवा, आम्ही मुले घडवतो आहोत आणि या आगीत मुले वाढवता येत नाहीत, असा त्याचा आशय होता. पुढाऱ्यांनी ऐकले. काही जणांचे डोळे भरूनही आले असतील. पण आग विझली नाही.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये झाकीरसाहेब पंजाबातून रेल्वेने जात असताना जालंधर स्टेशनावर जमावाने त्यांना घेरले. मरण हातभर अंतरावर होते. त्यांना ओळखून वाचवले ते एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने. दिल्लीला परतले तर तेथेही तेच. सप्टेंबरच्या दंगलीत मकतबा जामियाची पुस्तके जळाली. वीस वर्षांत एकेक पैसा जोडून छापलेली ती पुस्तके होती. गांधीजी स्वतः जामियात येऊन धीर देऊन गेले.

घरही दुभंगले. धाकटे भाऊ महमूद हुसेन पाकिस्तानात राहिले. तेथे ते शिक्षणमंत्री झाले, ढाक्याचे आणि पुढे कराचीचे कुलगुरू झाले, आणि कराचीजवळ मलीर येथे त्यांनी दुसरी एक जामिया मिलिया उभी केली. दुसरे भाऊ, इतिहासकार आणि समीक्षक यूसुफ हुसेन खाँ, भारतात राहिले आणि अलिगढचे प्र-कुलगुरू झाले. सर्वांत थोरले भाऊ मुजफ्फर हुसेन तरुणपणीच वारले होते. त्यांचा मुलगा मसऊद हुसेन खाँ लहानपणी जामियाच्या शाळेत शिकला, मोठा भाषाशास्त्रज्ञ झाला आणि १९७३ ते १९७८ या काळात त्याच जामियाचा कुलगुरू झाला. पोरक्या झालेल्या एका घरातून चार माणसे विद्यापीठांच्या प्रमुख पदांवर जावीत आणि त्यांतला एक सरहद्दीपलीकडे असावा, यात आपल्या उपखंडाचा सारा इतिहास आला.

झाकीरसाहेबांनी देश सोडला नाही. १९४८ मध्ये त्यांच्यावर अलिगढची जबाबदारी आली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या संस्थेला पाठ दाखवून ते बाहेर पडले होते, तिचीच धुरा. अलिगढची अवस्था तेव्हा बिकट होती. कित्येक प्राध्यापक आणि विद्यार्थी पाकिस्तानात गेलेले, सरकारदरबारी आणि जनतेत संशय, मागे राहिलेल्यांच्या मनात भीती. झाकीरसाहेबांनी आठ वर्षे ते विद्यापीठ सांभाळले. हे विद्यापीठ भारताचे आहे आणि येथल्या मुलांना या देशात मान खाली घालण्याचे कारण नाही, हे त्यांनी आपल्या वागण्यातून शिकवले. जुन्या रागाचा शब्द काढला नाही. रुसून गेलेला मुलगा वडिलांच्या पडत्या काळात परत येतो आणि काही न बोलता घराची डागडुजी करू लागतो, तसे ते परतले.

राष्ट्रपती भवन

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. भारताचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती. शपथविधीच्या वेळी केलेल्या भाषणात त्यांनी सारा भारत हे आपले घर म्हटले आणि इथल्या लोकांना आपले कुटुंब. काही काळापुरते या कुटुंबाचे वडीलपण लोकांनी आपल्याकडे दिले आहे, एवढाच या पदाचा अर्थ त्यांनी सांगितला. दुसऱ्या कुणी हे म्हटले असते तर सभेतले वाक्य म्हणून सोडून दिले असते. पण चौदाव्या वर्षी घर हरवलेल्या आणि आयुष्यभर शाळांतून ते पुन्हा बांधलेल्या माणसाच्या तोंडी ते खरे वाटते.

शाहजहाँ बेगम त्या भव्य वास्तूतही सार्वजनिक समारंभांत फारशा दिसल्या नाहीत. सईदा आणि साफिया या दोन मुली, जावई, नातवंडे यांचे येणे-जाणे असे. सईदांचे पती खुर्शीद आलम खाँ पुढे गोव्याचे आणि कर्नाटकाचे राज्यपाल झाले. झाकीरसाहेब गुलाबांत रमत. रंगीत दगड आणि जीवाश्म जमवण्याचा त्यांचा छंदही कायम होता.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती भवनातच त्यांचे निधन झाले. पदावर असताना वारलेले ते पहिले राष्ट्रपती. दफन कुठे करायचे, हा प्रश्नच नव्हता. ओखल्याला, जामियाच्या आवारात, जेथे त्या लहान मुलाने कोनशिला बसवली होती त्या परिसरात त्यांना माती देण्यात आली. वास्तुविशारद हबीब रहमान यांनी कबरीवर साधी, उघडी, पांढरी वास्तू उभारली. बाजूला दुसरी कबर आहे, ती शाहजहाँ बेगमची. हयातीत ज्या कराराची वाटेकरीण म्हणून त्यांचे नाव कुठे लिहिले गेले नाही, त्याच्या शेवटी त्या जामियातच पोचल्या.

आपल्यासाठी

आज आपल्या समाजात शिक्षणसंस्था वाढल्या आहेत, हे चांगले चिन्ह आहे. डी.एड., बी.एड., तंत्रनिकेतने, इंग्रजी शाळा. झाकीरसाहेबांचे नावही अनेक संस्थांना दिलेले आहे. त्या संस्थांतल्या शिक्षकाला पगार वेळेवर मिळतो का आणि सही केलेली रक्कम पूर्ण मिळते का, हे विचारले की मात्र चालकांचे चेहरे उतरतात. काही जण लगेच जामियाचा दाखला देतात : पाहा, त्यांनी दीडशे रुपयांत वीस वर्षे काढली! या दाखल्यात लबाडी आहे. जामियात सर्वांत कमी घेणाऱ्यांत स्वतः कुलगुरू होते. ज्या संस्थेचा अध्यक्ष मोटारीतून येतो आणि मास्तर उधारीवर घर चालवतो, तिने जामियाचे नाव घेऊ नये. त्याग स्वतःच्या घरातून सुरू होतो. दुसऱ्याच्या घराकडून तो वसूल करता येत नाही.

आणि स्वतःच्या घरातून सुरू झालेला त्यागही घरातल्या सर्वांना विचारून झाला पाहिजे, ही गोष्ट आपण झाकीरसाहेबांच्या जीवनातून, त्यांच्यापुढे एक पाऊल जाऊन, शिकली पाहिजे. आपल्या चळवळींत, संस्थांत, साहित्य संमेलनांत राबणाऱ्या अनेकांच्या घरी एक शाहजहाँ बेगम आहे. तिचे नाव निमंत्रणपत्रिकेवर नसते. तिची सही आता तरी घ्यायला हवी.

अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट आपल्या मुलानातवंडांना जरूर वाचून दाखवा. मराठीत सांगा, उर्दूत सांगा, घरात जी बोली असेल तीत सांगा. चांदनी जिंकली की लांडगा, हे त्यांना ठरवू द्या. मग गोष्टीखालचे ते नाव दाखवा आणि ती मुलगी कोण होती, तेही सांगा.